यादीत नाही ते आधी घ्या

‘सिस्टर, नमस्कार. आमचं गाव जिंतूर तालुक्यात. चार एकर कोरडवाहू. थोरल्या लेकीचा नांदेडला जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाला, नंबर लागला. फी भरली, गणवेशाचे पैसे फीसोबतच घेतले. आता कॉलेजातून सामानाची यादी मिळाली आहे, एकवीस वस्तूंची. जवळच्याच एका दुकानात या सगळ्याचं तयार किट मिळतं, तेरा हजार आठशेला. सोयाबीन मोंढ्यावर घातलं, खत-बियाणाची देणी दिली, हातात सहा हजार उरले. बचत गटातून कर्ज काढून किट घ्यावं का? लेक म्हणते, सगळ्या पोरींकडं असंल आन माझ्याकडंच नसलं तर कसं दिसंल. तिचे वडील म्हणतात, डॉक्टरची नळी तेवढी भारीतली घेऊ, बाकीचं बघू. नळी कितीची घ्यावी? यादीची झेरॉक्स सोबत जोडली आहे. – एक आई’

ताई, नमस्कार.

आधी मुख्य प्रश्नाचं उत्तर देते, म्हणजे तुमचा जीव भांड्यात पडेल. कर्ज काढू नका. किट घेऊ नका. सहा हजारांत लेकीचं पहिलं वर्ष निघतं आणि थोडे पैसे उरतातही. गटाचं कर्ज परीक्षेच्या वेळी लागेल, नाहीतर घरात अचानक दवाखाना निघाला तर लागेल. ते आत्ताच उचललंत आणि पुढच्या वर्षी पाऊस हुकला, तर हप्ता कशातून भरणार?

मी स्वतः जीएनएम केलं, सतरा वर्षं वॉर्डात काढली आणि त्यानंतर पंधरा वर्षं मुलींना शिकवलं. दर वर्षी नव्या बॅचच्या मुली होस्टेलवर पेट्या उघडायच्या तेव्हा असली किटं मी पाहिली आहेत. निळी नाहीतर लाल बॅग, आत प्रत्येक वस्तू वेगळ्या पाकिटात. वर्ष संपताना त्यातली निम्मी पाकिटं फोडलेलीही नसायची. गुडघ्यावर मारायच्या हातोडीचं रबर तोवर चिकट व्हायचं.

तुमच्या यादीतल्या एकवीस वस्तूंपैकी पहिल्या सहा महिन्यांत लेकीच्या हातात रोज येतील अशा चार-पाचच आहेत. काही वस्तू दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या अभ्यासातल्या आहेत. काही वॉर्डात असतात आणि वॉर्डातूनच वापरायच्या असतात. काही शिकवण्याच्या खोलीत कॉलेजने ठेवायच्या असतात; इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या नियमांत प्रात्यक्षिकांसाठी प्रयोगशाळा असणं कॉलेजला बंधनकारक आहे, आणि त्यात पुतळ्यापासून ट्रेपर्यंतचं सामान मुलींसाठीच असतं. पण यादी वाचताना मला खरी खटकली ती दुसरीच गोष्ट. लेकीला सगळ्यात आधी लागणाऱ्या तीन गोष्टी यादीत एकतर नाहीतच, नाहीतर नीट लिहिलेल्या नाहीत. म्हणून मी उलटीकडून सुरुवात करते.

पहिली गोष्ट लस. हिपॅटायटिस बी, म्हणजे रक्तातून पसरणारी कावीळ. नर्सिंगच्या विद्यार्थिनीला सुईचं, रक्ताचं काम लवकरच करावं लागतं. ही कावीळ असलेल्या पेशंटला टोचलेली सुई चुकून आपल्याला लागली आणि आपण लस घेतलेली नसली, तर लागण होण्याची शक्यता शंभरात तीसपर्यंत जाते. एचआयव्हीच्या बाबतीत तीच शक्यता हजारात तीनच्या आसपास आहे. लोक घाबरतात एचआयव्हीला, आणि जिच्यावर पक्की लस आहे तिच्याकडे दुर्लक्ष करतात. लसीचे तीन डोस असतात. पहिला आज घेतला तर दुसरा एक महिन्याने आणि तिसरा पहिल्यापासून सहा महिन्यांनी. म्हणजे ही वस्तू पैसे टाकून एका दिवसात मिळत नाही, तिला अर्धं वर्ष लागतं. म्हणूनच ती सगळ्यात आधी. लेकीचं लहानपणीचं लसीचं कार्ड सापडलं तर त्यावर हे नाव आहे का बघा आणि कार्ड तिच्यासोबत द्या. नसलं किंवा हरवलं असलं तर नांदेडला गेल्यावर पहिल्याच आठवड्यात ट्यूटरना विचारून पहिला डोस घ्यायला सांगा. बऱ्याच ठिकाणी रुग्णालयाकडून विद्यार्थिनींना लस दिली जाते. नाही दिली तर विकत घ्या, स्टेथोस्कोपच्या, म्हणजे तुमच्या त्या डॉक्टरच्या नळीच्या, आधी घ्या. तिसऱ्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी रक्त तपासलं की लस लागू पडली की नाही ते कळतं. आकडा दहा किंवा त्याहून जास्त यायला हवा. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी झालं तेही त्याच कागदावर लिहून ठेवा.

हे इतकं लांबवून सांगते आहे त्याला कारण आहे. माझ्याकडे दुसऱ्या वर्षाला एक मुलगी होती, हुशार, हातानं नीटनेटकी. इंजेक्शन देऊन झाल्यावर सुईला टोपण लावायला गेली आणि सुई अंगठ्यात घुसली. तिने दोन डोस घेतले होते, तिसऱ्याच्या वेळी दिवाळीची सुट्टी आली आणि राहून गेला. संध्याकाळी सहापासून रात्री साडेदहापर्यंत मी तिच्यासोबत अपघात विभागात बसले होते. पेशंटचे रिपोर्ट चांगले आले. पण ते येईपर्यंत त्या पोरीचा चेहरा कसा होता ते मला अजून आठवतं. तुमच्या लेकीला हे आत्ताच सांगून ठेवा: वापरलेल्या सुईला टोपण परत लावायचं नाही, ती सरळ सुई कापायच्या यंत्रात नाहीतर सुयांच्या डब्यात. आणि तरीही टोचलीच तर जागा साबण-पाण्यानं धुवायची, दाबून रक्त काढायचं नाही, बोट तोंडात घालायचं नाही, स्पिरिट ओतायचं नाही, आणि ताबडतोब वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरना सांगायचं. एचआयव्हीसाठीची बचावाची औषधं दोन तासांच्या आत सुरू झाली तर उत्तम. बहात्तर तास उलटले की त्यांचा उपयोग राहत नाही. मुली बोलणी बसतील म्हणून लपवतात. तुमची लेक लपवणार नाही, एवढा शब्द तिच्याकडून घ्या.

दुसरी गोष्ट पायातली. यादीत ‘पांढरे शूज’ एवढंच लिहिलंय, आणि किटमध्ये येतात ते पातळ कापडी. ते मी नसल्यातच धरते. मी शिकायला आले तेव्हा घरच्यांनी प्लास्टिकचे पांढरे बूट घेऊन दिले होते. एप्रिल महिना, पत्र्याच्या छताचा वॉर्ड, सकाळी सातपासून उभं. पंधरा दिवसांत दोन्ही टाचांना फोड आले. पट्टी बांधून ड्यूटी केली आणि पेशंटपेक्षा माझंच लक्ष टाचेकडे असायचं. लेकीला बूट घेताना असे बघा: पुढून बंद, कापडाचे नको, कारण कापड रक्त आणि सलाईन शोषून घेतं. तळवा रबरी, न घसरणारा, कारण वॉर्डातली फरशी दिवसातून दोन-तीनदा फिनेलनं ओली होते. टाच चपटी. बोटांपुढे अर्धा बोट जागा. बूट घ्यायला संध्याकाळी जा, दिवसभरानं पाय थोडे सुजलेले असतात, तेच माप खरं. जाताना सुती मोजे घालून जा. आणि आणल्यावर पेटीत ठेवून देऊ नका. नांदेडला जायच्या आधी आठ दिवस ती घरात घालून फिरू दे. मोज्यांचे तीन जोड हवेत, धुतलेला एक, वाळणारा एक, पायातला एक. मोठ्या दुकानातून भारीच घ्यावेत असं नाही. परभणीत साध्या दुकानात आठशे-हजारापर्यंत असा जोड मिळून जाईल.

तिसरी गोष्ट घड्याळ. सेकंदकाट्याचं, पांढऱ्या तबकडीचं, मोठ्या आकड्यांचं. स्मार्ट घड्याळ नको आणि ‘मोबाइलमध्ये बघेन’ हेही नको, वॉर्डात मोबाइल चालत नाही आणि चालला तरी रक्ता-पुवाच्या हातानं तो धरायचा नाही. मनगटी घड्याळ चालतं की छातीला पिन लावून अडकवायचं लागतं, ते कॉलेजात विचारून मग घ्या. हात कोपरापर्यंत धुवायचे असल्यानं अडकवायचं घड्याळ सोयीचं, पण प्रत्येक ठिकाणची पद्धत वेगळी.

घड्याळाला मी नळीच्याही वर धरते. तीनशे-चारशेच्या या वस्तूवर पहिल्या वर्षाचं अर्धं काम चालतं. नाडी मोजायची ती पूर्ण एक मिनिट. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणलं की ठोका मधेच चुकतोय ते सापडत नाही. नाडी मोजून झाली की मनगट सोडायचं नाही, तसंच धरून छातीची हालचाल बघत श्वास मोजायचे, कारण आपले श्वास मोजतायत हे पेशंटला कळलं की तो वेगळाच श्वास घेतो. लहान लेकरांत तर श्वासाचा आकडा जीव वाचवतो: दोन महिन्यांपासून वर्षाच्या आतल्या बाळाचे मिनिटाला पन्नास किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या लेकराचे चाळीस किंवा जास्त श्वास झाले तर ते जलद धरायचे आणि न्यूमोनियाचा विचार करायचा. बोटाला लावायचं ऑक्सिजनचं यंत्र बरंच काही सांगतं, पण हे सांगत नाही. नखाला नेलपॉलिश असली किंवा हात गार पडले असले तर ते आकडाही चुकीचा दाखवू शकतं. सलाईनचंही तसंच. पाचशे मिलीची बाटली चार तासांत द्यायची आणि सलाईनची नळी मिलीला वीस थेंबांची असली, तर पाचशे गुणिले वीस भागिले दोनशे चाळीस मिनिटं, म्हणजे मिनिटाला साधारण बेचाळीस थेंब. पंधरा सेकंदांत दहा-अकरा. हे मोजायला समोर सेकंदकाटा पळताना दिसावा लागतो.

आता नळी. तिच्या वडिलांना सांगा की त्यांनी वापरलेला शब्द अगदी खरा आहे. १८१६ मध्ये पॅरिसच्या रने लेनेक नावाच्या डॉक्टरांनी एका तरुण बाईची छाती ऐकायची होती म्हणून कागदाची गुंडाळी करून तिचं एक टोक तिच्या छातीला आणि दुसरं आपल्या कानाला लावलं. पहिला स्टेथोस्कोप तो, कागदाची नळी. तेव्हा ‘भारीतली’ हा शब्द थोडा बाजूला ठेवू. कित्येक हजारांचा लिटमन ब्रँडचा स्टेथोस्कोप सुरेख असतो, त्यात बारीक आवाज जास्त स्पष्ट येतात, पण पहिल्या वर्षाची मुलगी नळी वापरते ती मुख्यतः बीपी घ्यायला. बीपीचे ठोके देशी बनावटीच्या सहाशे ते हजार रुपयांच्या स्टेथोस्कोपमधून नीट ऐकू येतात. माझ्या पंधरा वर्षांत नळी स्वस्त होती म्हणून बीपी चुकलं असं एकदाही झालं नाही. चुकायचं ते नळी कानात उलटी घातल्यानं.

घेताना दुकानातच हे बघा. दोन तोंडांची घ्या, एका बाजूला मोठं पडद्याचं तोंड, दुसऱ्या बाजूला छोटी वाटी. तोंड फिरवल्यावर ‘टक’ असं नीट बसायला हवं, नाहीतर चुकीच्या बाजूनं काहीच ऐकू येत नाही आणि मुली घाबरून अंदाजे आकडा लिहितात. रबरी नळी जाड, वाकवल्यावर चीर न दिसणारी. कानातल्या बोंडांची एक जास्तीची जोडी मागून घ्या. कानात घालताना बोंडं पुढे, नाकाच्या दिशेला झुकलेली हवीत. दुकानातच लेकीला स्वतःचं हृदय ऐकायला सांगा, ऐकू आलं तर घ्या. नळीवर तिचं नाव पक्क्या शाईनं लिहून वर पारदर्शक चिकटपट्टी लावा, होस्टेलवर सगळ्या नळ्या सारख्याच दिसतात. प्रत्येक पेशंटनंतर तोंड स्पिरिटच्या बोळ्यानं पुसायचं. दुसऱ्याची नळी वापरली तर कानातली बोंडंही पुसायची. नळी गळ्यात उघडी घालून एसटीतून फिरायचं नाही, वॉर्डातले जंतू घरी येतात.

बीपीचं यंत्र घेऊ नका. तुमच्या किटमधली सगळ्यात महाग वस्तू तीच आहे आणि तिची गरज सगळ्यात कमी. वॉर्डात यंत्र असतं, सरावाच्या खोलीत असतं. पाऱ्याची यंत्रं आता मागे पडत चालली आहेत. पाऱ्याची साधनं बंद करायचा मिनामाता करार २०१३ मध्ये झाला आणि भारतानं तो २०१८ मध्ये मंजूर केला. किटमध्ये मिळतं ते घड्याळाच्या तबकडीचं यंत्र. ते वर्षातून एकदा तपासून घ्यावं लागतं, पडलं की आकडा सरकतो. शिवाय त्यासोबत पट्टा एकच मिळतो. दंडाला गुंडाळायच्या पट्ट्यातली हवेची पिशवी दंडाच्या घेराच्या निदान ऐंशी टक्के भागाभोवती यायला हवी. पट्टा लहान पडला की बीपी आहे त्याहून जास्त दिसतं. जाड दंडाच्या बाईला, बारक्या लेकराला लागणारी वेगवेगळी मापं वॉर्डातच मिळतात. होस्टेलवर सरावाला हवंच असं तिला पुढे वाटलं, तर तीन-चार मैत्रिणींनी वर्गणी काढून एक घ्यावं.

डिजिटल थर्मामीटर मात्र घ्या. शे-दीडशेला मिळतो, स्वतःला ताप आला तरी लागतो. छोटी टॉर्च घ्या, डोळ्यांच्या बाहुल्या बघायला आणि रात्रपाळीला. कापडी मोजपट्टी घरातली चालेल, शिवणयंत्राच्या डब्यातली.

आणि कात्री. बँडेजची कात्री चांगल्या स्टीलची घ्या, तिच्यावर शंभर-दीडशे खुशाल खर्च करा. तिचं एक टोक बोथट, चपटं असतं, ते पट्टीखाली सरकवलं की कातडीला लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी नवी स्टाफ नर्स होते. आदल्या दिवशी गणपती बोळवले होते, अंगावर सणाचेच कपडे असलेली माणसं ट्रकमधून यायला लागली. माती आणि रक्तानं कापड अंगाला घट्ट चिकटलेलं. ते ओढून काढायचं नव्हतं, खाली काय मोडलंय ते माहीत नव्हतं. ते तीन दिवस खिशातल्या कात्रीनं लुगडी, धोतरं, लेकरांचे सदरे कापण्यात गेले. बोथट टोक का असतं ते मी पुस्तकात वाचलं होतं, तिथे कळलं. ती कात्री माझ्याकडे अजून आहे, धार लावून ठेवलेली.

किटमधल्या हातमोज्यांचा डबा आणि सिरिंजांचं पाकीट यांना मात्र मी स्पष्ट नाही म्हणते. हे सामान पुरवणं रुग्णालयाचं काम आहे, तिथेच वापरायचं, तिथेच ठरलेल्या डब्यात टाकायचं. सराव पुतळ्यावर आणि तोही ट्यूटर समोर असताना. पेटीत सिरिंजा असल्या की काय होतं ते मी पाहिलं आहे. पोरगी सुट्टीला गावी येते, शेजारची आजी म्हणते, नर्स शिकतीस ना माय, एवढं ताकदीचं इंजेक्शन देऊन जा. नाही म्हणायला जीभ रेटत नाही. ताई, ही नाही म्हणायची जबाबदारी तुम्ही घ्या, तिच्यावर टाकू नका. शिक्षण पूर्ण होऊन महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे तिची नोंदणी होईपर्यंत तिने ट्यूटर किंवा सिस्टर समोर नसताना कुणाला सुई लावायची नाही. गाठ आली, पू झाला, एखाद्याला औषधाची रिअ‍ॅक्शन आली, तर सगळं तिच्या माथी येईल आणि शिक्षणही जाईल. आल्या-गेल्याला तुम्हीच दारातच सांगा.

राहिलेलं पटकन. गुडघ्याची हातोडी आणि कंपन करणारा चिमटा, त्याला ट्यूनिंग फोर्क म्हणतात, दुसऱ्या वर्षापर्यंत विसरा. आर्टरी फोर्सेप्स, म्हणजे रक्तवाहिनी धरायचा चिमटा, आणि किडनी ट्रे, म्हणजे वाकडी ताटली, नको. बाळंतपणाचं सगळं तिसऱ्या वर्षी. कम्युनिटीची बॅग, म्हणजे गावभेटीला न्यायची, ती बहुतेक ठिकाणी कॉलेज गटाला देतं, पोस्टिंग लागेल तेव्हा विचारा. तिचं शास्त्र मात्र तुमच्या लेकीला चटकन समजेल, गावातलीच आहे ती. बॅग कुणाच्याही घरात थेट जमिनीवर किंवा बाजेवर ठेवायची नाही, आधी वर्तमानपत्र अंथरायचं, म्हणून बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात जुने पेपर आणि साबण. हात धुतल्याशिवाय आतला कप्पा उघडायचा नाही. अंगणवाडीत लेकरांच्या दंडाला लावायची रंगीत पट्टी तुम्ही बघितली असेल. सहा महिन्यांपुढच्या आणि पाच वर्षांच्या आतल्या लेकराचा दंड साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर ते तीव्र कुपोषित. तीही बॅगेत असते.

पुस्तकं सगळी घेऊ नका. पायाभूत नर्सिंगचं एक नवं घ्या, शरीररचनेचं एक घ्या, बाकी ग्रंथालयातून किंवा वरच्या वर्गातल्या मुलींकडून निम्म्या किमतीत. फक्त आवृत्ती फार जुनी नको, औषधांचे डोस आणि लसीकरणाचे तक्ते बदलत राहतात. प्रात्यक्षिकांच्या वह्या आणि केसबुक कॉलेज सांगेल त्याच घ्याव्या लागतात, त्यावर सह्या असतात आणि परीक्षेला त्या दाखवाव्या लागतात. पाणी लागू नये म्हणून प्लास्टिकचं कव्हर आत्ताच शिवून द्या.

तुम्ही लिहिलं नाही, पण लेक मराठी माध्यमातली असणार. मग एक खिशात मावणारी, बांधलेली छोटी वही द्या. पहिले दोन महिने वॉर्डात कानावर पडणारा प्रत्येक नवा शब्द त्यात लिहायचा, समोर मराठीत अर्थ. ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा, एचएस झोपताना, एसओएस गरज पडली तरच, एनबीएम म्हणजे तोंडानं काही द्यायचं नाही. हे शब्द न कळल्यानं चांगल्या चांगल्या पोरी मागे उभ्या राहतात आणि मास्तरांना वाटतं, हिला येतच नाही. माझी स्वतःची तशी वही होती, पहिल्या पानावर ‘एनबीएम’ चुकीचं लिहून खोडलेलं. दोन निळी पेनं, एक लाल पेन त्यासोबत.

लेकीला ‘कसं दिसंल’ची धास्ती आहे. तिचं बरोबर आहे, अठराव्या वर्षी ती असतेच, तिच्यावर रागावू नका. तिला सांगा की वॉर्डात सगळ्या मुली एकाच गणवेशात असतात आणि किटची बॅग होस्टेलच्या कपाटात राहते. वॉर्डातल्या खिशात चारच वस्तू मावतात: कात्री, टॉर्च, वही, पेन. त्या चार तिच्याकडे असतील. आणि तिथल्या मावशी-मामांशी, म्हणजे आया-वॉर्डबॉयांशी, पहिल्या दिवसापासून नीट बोलायला सांगा. कुठला ट्रे कुठे आहे, निर्जंतुक डबा कधी येतो, हे त्यांना आमच्याइतकंच माहीत असतं आणि नव्या मुलीला ते मायेनं सांगतात.

किट घेण्याची सक्ती असल्याचं तुमच्या पत्रात कुठे नाही. कुणी तसं म्हणालंच तर प्राचार्यांना साध्या कागदावर विचारा, कोणती वस्तू कोणत्या महिन्यात लागणार? असा प्रश्न विचारण्यात काही उणं नाही. जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला, मागच्या वर्षाची गुणपत्रिका, लेकीच्या नावाचं आधारशी जोडलेलं बँक खातं एवढं तयार ठेवा आणि महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर शिष्यवृत्तीचा अर्ज मुदतीत भरा. तो पैसा कधी येईल त्यावर मात्र सामानाचा हिशेब बांधू नका.

माझा हिशेब असा: बूट-मोजे हजार-अकराशे, घड्याळ चारशे, नळी आठशे, कात्री, टॉर्च, थर्मामीटर मिळून साडेचारशे, दोन पुस्तकं आणि वह्या सोळाशे-सतराशेपर्यंत, लस विकत घ्यावी लागली तर त्यासाठी सहाशे बाजूला. पाच हजारांच्या जवळपास. उरलेले लेकीच्या हातात द्या, पहिल्या महिन्यात काहीतरी राहिलेलं निघतंच.

तुमची झेरॉक्स परत पाठवते आहे. आत्ता घ्यायच्या वस्तूंना पेनानं बरोबरची खूण केली आहे, नको त्या खोडल्या आहेत, आणि लस आणि घड्याळ सगळ्यात वर हातानं लिहिलं आहे. बूट यादीत होते, त्यांच्यापुढे कसे घ्यायचे ते लिहिलंय. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या खुणा मुद्दाम पेन्सिलीनं केल्या आहेत. तिच्या ट्यूटर वेगळं काही म्हणाल्या, तर माझी खूण पुसा आणि त्यांचं ऐका.